दहा लाख गोळ्यांचे वचन : राष्ट्राची औद्योगिक क्षमता मोजायची कशी?

सातारचा_वाटसरू

नमस्कार. गेले काही महिने एक प्रश्न मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने युक्रेनला बारा महिन्यांत दहा लाख तोफगोळे देण्याचे ठरवले. मुदत संपली तेव्हा त्यांतले सुमारे निम्मेच पोहोचले होते. जर्मनी, फ्रान्स, इटली आणि बाकीचे देश यांची अर्थव्यवस्था एकत्र धरली, तर ती रशियाच्या कित्येक पट भरते. पैशाची तरतूद झाली होती, राजकीय इच्छाही होती, आणि तोफगोळा ही काही कालपरवा लागलेला शोध नाही. १९१६ साली सोमच्या लढाईपूर्वी एकट्या ब्रिटिश तोफांनी आठवडाभरात सुमारे १५ लाख गोळे डागले होते. शंभर वर्षांपूर्वी जे एका आठवड्यात खर्ची पडत होते, ते आज एका खंडाला वर्षभरात का जमू नये?

माझे मामा तोफखान्यात होते आणि देवळालीला त्यांनी शिकवलेही आहे. त्यांच्यापुढे हा प्रश्न ठेवला, तेव्हा ते म्हणाले, "पैसा मंजूर होणे आणि गोळा हातात पडणे यांच्यामध्ये काय काय असते, ते आधी शोधून काढ." येथे कारखान्यांत काम केलेले, इतिहास वाचणारे आणि परदेशी राहणारे बरेच सभासद आहेत. राष्ट्राची औद्योगिक क्षमता म्हणजे नेमके काय? सकल उत्पन्न, पोलादाचे टन, कारखान्यांची संख्या, की यांपैकी कशातच न बसणारे काही?

खडकीचा_शेजारी

माझी नोकरी दारूगोळा उत्पादनात झाली. आता निवृत्त आहे. कामाचा गोपनीय तपशील सांगणार नाही, परंतु जगजाहीर असलेल्या गोष्टी सांगण्यास हरकत नाही.

१५५ मिलिमीटरचा गोळा दिसतो साधा. प्रत्यक्षात ते चार-पाच वेगवेगळ्या उद्योगांचे काम असते. पोलादाचा ठोकळा तापवून, दाबून त्याची पोकळ नळी करायची; मग टर्निंग, मग उष्णोपचार, मग तांब्याचा पट्टा बसवायचा, कारण तोफेच्या नळीतील आट्यांमध्ये तो पट्टा रुतून गोळ्याला फिरकी मिळते. येथवर फोर्जिंग आणि मशीन शॉप. पुढे स्फोटक वितळवून आत ओतावे लागते आणि ते अगदी सावकाश थंड करावे लागते. घाई केली, तर आत पोकळी राहते, आणि अशी पोकळी असलेला गोळा तोफेच्या नळीतच फुटू शकतो. म्हणून प्रत्येक गोळ्याची क्ष-किरण तपासणी असते. त्याखेरीज फ्यूज वेगळा, आणि गोळा फेकणारी दारू वेगळी.

आता अडचण कोठे येते ते पाहा. अमेरिकेने टीएनटीचे, म्हणजे गोळ्यात भरायच्या स्फोटकाचे, स्वतःचे उत्पादन १९८६ साली थांबवले होते. युरोपात ते मोठ्या प्रमाणावर बनते पोलंडमधील बिडगोश्च येथे. फेकदारूसाठी नायट्रोसेल्युलोज लागते, आणि त्यासाठी कापसाचे लिंटर, म्हणजे सरकी काढल्यावर तिला चिकटून राहिलेली आखूड लव. विदर्भातल्या वाचकांना ती नेमकी ठाऊक असेल. युरोप ती बहुतांशी चीनकडून घेत आला आहे. म्हणजे पोलादाची नळी बनवणारे यंत्र दुप्पट केले, तरी आत ओतायला स्फोटक आणि मागे भरायला दारू नसेल, तर त्या नळ्या गोदामात पडून राहतील.

वाटसरू, तुमच्या मामांना माझा नमस्कार सांगा.

इतिहासवाचक

खडकीकरांचा प्रतिसाद वाचून १९१५ साल डोळ्यांसमोर आले. ब्रिटनमध्ये त्या वर्षी मे महिन्यात गोळ्यांच्या टंचाईची बातमी 'टाइम्स'ने छापली आणि त्या गदारोळात सरकार बदलून संयुक्त मंत्रिमंडळ आले. मंत्री लॉइड जॉर्ज यांच्यासाठी दारूगोळ्याचे स्वतंत्र खातेच निर्माण झाले. लाखो स्त्रिया कारखान्यांत आल्या. टीएनटी हाताळून त्यांची त्वचा पिवळी पडत असे, आणि लोक त्यांना पिवळ्या कॅनरी पक्ष्याच्या नावाने ओळखत. त्या विषाने काही जणी मरणही पावल्या. उत्पादनाचे आकडे वाचताना त्या चेहऱ्यांचा विसर पडू नये, असे मला मनापासून वाटते.

तेव्हाही अडले ते गोळ्याच्या पोलादावर नाही. कॉर्डाइट नावाच्या दारूसाठी ॲसिटोन लागे, आणि ते लाकडापासून मिळवत. मँचेस्टरमधील रसायनशास्त्रज्ञ वाइझमन यांनी जिवाणूंच्या साहाय्याने मक्यापासून ॲसिटोन करण्याची पद्धत काढली. पुढे धान्याची टंचाई झाली, तेव्हा १९१७ मध्ये शाळकरी मुलांकडून हॉर्स चेस्टनटची फळे गोळा करवून घेतली गेली.

जर्मनीची गोष्ट याहून बोलकी आहे. सर्व स्फोटकांचे मूळ असलेला सोरा जहाजांनी चिलीहून येत असे, आणि ब्रिटिश नौदलाने समुद्र बंद केल्यावर जर्मनीचे युद्ध महिन्यांत संपायला हवे होते. ते चार वर्षे चालले, कारण हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया करण्याची हाबर आणि बॉश यांची पद्धत १९१३ सालीच ओपाऊच्या कारखान्यात सुरू झाली होती. तो कारखाना खतासाठी उभारलेला होता. युद्धासाठी म्हणून कोणी तो बांधला नव्हता, पण उच्च दाबाची पात्रे बनवणारे आणि चालवणारे लोक तेथे तयार होते.

मनस्विनी_नाशिक

वाचनखूण साठवली आहे. लिंटरची माहिती पूर्णपणे नवीन होती.

विरुद्ध_मत

चर्चा एकाच दिशेने चालली आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मे १९४० मध्ये फ्रान्सकडे जर्मनीपेक्षा अधिक रणगाडे होते, आणि त्यांतील काहींचे चिलखत जर्मन रणगाड्यांहून जाड होते. तरीही फ्रान्स सहा आठवड्यांत पडला. व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियावर अमेरिकेने टाकलेल्या बॉम्बचे वजन तिने दुसऱ्या महायुद्धात टाकलेल्या बॉम्बच्या कित्येक पट होते. त्या युद्धाचा शेवट सर्वांना माहीत आहे. जिंकण्याचे ध्येय, सेनापतींचे डोके आणि जनतेची तयारी नसेल, तर कारखाने काय करणार? 'ज्याचे पोलाद त्याचा विजय' हे सूत्र मला इतिहासाला धरून वाटत नाही.

इतिहासवाचक

@विरुद्ध_मत, व्हिएतनामबद्दल आपण म्हणता ते मान्य आहे. मात्र तेथे उत्तर व्हिएतनामच्या मागे सोव्हिएत संघाचे आणि चीनचे कारखाने उभे होते, हेही लक्षात घ्यावे. क्षेपणास्त्रे हनोईत बनत नव्हती.

फ्रान्सचे उदाहरण मात्र मला उलट बाजूचे वाटते. फ्रान्सला वेळच मिळाला नाही. कारखाना युद्धावर परिणाम करतो तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, आणि तोपर्यंत टिकून राहण्यासाठी ब्रिटनजवळ इंग्लिश खाडी होती, अमेरिकेजवळ दोन महासागर होते आणि रशियाजवळ अंतर होते. १९४१ च्या उत्तरार्धात सोव्हिएत संघाने १५०० हून अधिक मोठे कारखाने उखडून, रेल्वेत भरून उरल पर्वताकडे आणि त्याच्याही पलीकडे नेले. खारकोव्हचा रणगाड्यांचा कारखाना निझ्नी तागीलला गेला. लेनिनग्राडहून यंत्रे आणि माणसे चेल्याबिन्स्कला गेली आणि त्या शहराला लोक 'तांकोग्राद', म्हणजे रणगाड्यांचे शहर, म्हणू लागले. काही ठिकाणी भिंती आणि छपरे पूर्ण होण्यापूर्वीच यंत्रे चालू झाली.

त्यानंतरचे आकडे पाहा. युद्धकाळात टी-३४ रणगाडे ५० हजारांहून अधिक बनले. जर्मनीचा टायगर हा एकास एक लढतीत त्याहून बलवान होता, पण तो सुमारे १३५० च्या संख्येतच बनला. टी-३४ चे वैशिष्ट्य त्याच्या तोफेइतकेच त्याच्या आराखड्यातील सततच्या काटछाटीत होते. जो भाग काढून टाकता येईल तो काढला, जो ओतून करता येईल तो ओतला, आणि एका रणगाड्यामागे लागणारे मनुष्यतास युद्ध संपेपर्यंत निम्म्याहूनही खाली आणले. त्यातच अमेरिकेने चार लाखांच्या आसपास ट्रक आणि जीप पाठवल्या, त्यामुळे सोव्हिएत कारखान्यांना रणगाड्यांवर लक्ष एकवटता आले.

उद्यमनगरचा_फिटर

मी कोल्हापूरचा. वडिलांची छोटी टूलरूम होती, आता मी पाहतो. इतिहास फार वाचलेला नाही, पण एक गोष्ट माझ्या व्यवसायाची आहे, आणि ती प्रत्येक शिकाऊ मुलाला मी सांगतो.

ब्रिटनचे स्पिटफायर विमान ज्या मर्लिन इंजिनावर उडे, ते रोल्स-रॉइस कंपनीचे. मागणी इतकी वाढली, की तेच इंजिन मँचेस्टरजवळ ट्रॅफर्ड पार्क येथे फोर्डच्या ब्रिटिश कंपनीकडून बनवून घ्यायचे ठरले. फोर्डचे अभियंते आराखडे पाहून म्हणाले, की या आराखड्यांवरून आम्हाला इंजिन बनवता येणार नाही. रोल्स-रॉइसच्या माणसांना वाटले, मोटारगाड्या बनवणाऱ्यांना विमानाच्या इंजिनाची अचूकता झेपत नसणार. प्रत्यक्षात तक्रार उलट होती. आराखड्यांवरील टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, फोर्डला फार सैल वाटत होते. रोल्स-रॉइसकडे निष्णात फिटर होते; दोन भाग नीट बसले नाहीत, तर ते कानस मारून बसवत. फोर्डच्या जुळणीच्या ओळीवर फिटरला जागाच नव्हती. तेथे ढिगातून उचललेला कोणताही भाग दुसऱ्या कोणत्याही भागावर बसलाच पाहिजे, आणि ते व्हायचे असेल तर मापे अधिक काटेकोर हवीत. मग सारे आराखडे नव्याने काढले गेले. त्यात बराच काळ गेला, पण नंतर त्या एका कारखान्यातून ३० हजारांवर मर्लिन इंजिने बाहेर पडली, आणि अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने ५५ हजारांच्या आसपास बनवली.

मला स्वतःला याचा अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कारखान्याने पंपाच्या एका भागाचे काम दिले. आराखडा जुना, मापे बरोबर, सर्व भाग गेजमध्ये, म्हणजे माप तपासण्याच्या साधनात, पास झाले, तरी जुळणी होईना. शोध घेता कळले, की त्यांच्याकडचा एक जुना कारागीर तीस वर्षे प्रत्येक भागाची एक कड हाताने मोडत असे, आणि ही गोष्ट आराखड्यावर कोणी कधी लिहिलीच नव्हती. तो निवृत्त झाला आणि उत्पादन थांबले. आमचे दोन हजार भाग परत आले, त्याचा भुर्दंड आम्हालाच बसला. त्या घटनेचे दुःख आजही आहे, पण त्यातून एक समजले. कारखान्याचे ज्ञान आराखड्यात असते त्याहून अधिक माणसाच्या हातात असते, आणि ते हातातून काढून जिग, फिक्स्चर (काम करताना भाग नेमक्या जागी धरणारी साधने) आणि गेजमध्ये उतरवले, तरच संख्या वाढवता येते.

माझ्या मते वाटसरूंनी विचारलेली क्षमता ती ही.

मिशिगनकर

फिटरसाहेब, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. मी गेली १८ वर्षे डेट्रॉइटच्या परिसरात राहतो, आणि येथून जवळच विलो रन आहे. फोर्डने १९४१ मध्ये तेथे बी-२४ बॉम्बर बनवण्यासाठी प्रचंड कारखाना बांधला. त्याची कीर्ती सर्वांना माहीत असते, ती १९४४ ची : जोरात असताना सुमारे तासाला एक विमान, आणि एकूण ८६८५.

परंतु त्याची पहिली दोन वर्षे कमी सांगितली जातात. सुरुवातीला इतका विलंब झाला, की कारखान्याच्या नावावर कोटी करून 'विल इट रन?', म्हणजे 'हा कधी चालणार तरी आहे का', असे विचारले जाऊ लागले आणि सिनेटच्या समितीनेही चौकशी केली. फोर्डने पत्र्याचे भाग दाबण्यासाठी कठीण पोलादाचे कायमस्वरूपी साचे केले होते, आणि वायुदल दर काही आठवड्यांनी विमानात बदल सुचवत होते. प्रत्येक बदलाबरोबर साचे बदलायचे. शिवाय कामगारांना राहायला घरे नव्हती. माणसे शिकत, कंटाळत आणि सोडून जात. जगातील सर्वांत अनुभवी मोटार उद्योग, अमर्याद पैसा आणि सरकारचा पूर्ण पाठिंबा असतानाही विमानांचा ओघ सुरू होण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागला. युरोपने बारा महिन्यांचे वचन दिले, त्या वचनाकडे या नजरेने पाहावे, असे सुचवतो.

त्या इमारतीचा बराचसा भाग आता पाडला गेला आहे.

नागोयातून

मिशिगनकरांच्या प्रतिसादाला जोडून समोरच्या बाजूचे चित्र. मी नागोया येथे सहा वर्षे काम केले. जपानच्या प्रसिद्ध झीरो विमानाचे जन्मस्थान म्हणजे येथील मित्सुबिशीचा कारखाना. त्या कारखान्याला लागून धावपट्टी नव्हती. तयार झालेले विमान सुटे करून, बैलगाड्यांवर लादून सुमारे ४८ किलोमीटर दूर कागामिगाहारा येथील धावपट्टीवर नेत, आणि त्या प्रवासाला जवळजवळ एक अहोरात्र लागे. रस्ते इतके खराब होते, की ट्रकच्या धक्क्यांनी विमानाचे नुकसान झाले असते. आराखडा त्या काळी जगातील उत्तम आराखड्यांपैकी एक होता, आणि तो कारखान्याच्या दारातून बैलाच्या चालीने बाहेर पडत होता.

जपानच्या नौदलाचे ॲडमिरल यामामोतो यांनी अमेरिकेत शिक्षण घेतले होते आणि वॉशिंग्टनमध्ये नौदलाचे प्रतिनिधी म्हणून कामही केले होते. तेथील कारखाने आणि तेलविहिरी त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या, आणि लांबणाऱ्या युद्धाविषयी त्यांनी आपल्या सरकारला सावध केले होते. मिडवेच्या लढाईत जून १९४२ मध्ये जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या. अमेरिकेने युद्ध संपण्यापूर्वी एकट्या एसेक्स वर्गाच्याच १७ विमानवाहू नौका सेवेत आणल्या.

पिंपरीची_लेक

थोडे विषयांतर वाटेल, पण ते नाही. माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते, आणि आमचे बालपण त्या वसाहतीत गेले. म्हणून पेनिसिलिनची गोष्ट आमच्या घरात नेहमी निघे.

फ्लेमिंग यांचा शोध १९२८ चा. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी १९४०-४१ मध्ये त्याचे औषध केले, परंतु बुरशी वाढवण्यासाठी त्यांना रुग्णालयातील बेडपॅनपासून बरण्यांपर्यंत मिळेल ते भांडे वापरावे लागत होते. पहिल्या रुग्णाची प्रकृती सुधारत असतानाच औषध संपले आणि तो दगावला. शोध होता, ज्ञान होते, पण औषध लिटरभर करण्याची सोय नव्हती. फ्लोरी आणि हीटली अमेरिकेस गेले. इलिनॉयमधील पिओरिया येथील शेती प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्च उद्योगातून उरणारे पाणी बुरशीला मानवते, असे आढळले, आणि तेथील बाजारातून आणलेल्या एका खरबुजावरील बुरशीने उत्पन्न कितीतरी वाढवले. तरी खरी उडी होती खोल टाकीत, निर्जंतुक हवा खेळवत, सतत ढवळत बुरशी वाढवण्याची. ब्रुकलिनमध्ये फायझरने जुन्या बर्फाच्या कारखान्यात अशा टाक्या बसवून मार्च १९४४ मध्ये उत्पादन सुरू केले. फायझरला हे साधले, कारण सायट्रिक ॲसिडसाठी बुरशी वाढवण्याचा त्यांचा वर्षानुवर्षांचा सराव होता. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिक उतरले, तेव्हा औषध त्यांच्या सोबत होते.

पिंपरीचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला, त्याला जागतिक आरोग्य संघटनेचे आणि युनिसेफचे साहाय्य होते. वडील सांगत, की टाकीत एक परका जंतू शिरला, तर हजारो लिटर माल गटारात सोडावा लागे, आणि वासावरून अंदाज सांगणारे लोक तेथे होते. पुढे स्वस्त चिनी माल आला आणि पेनिसिलिन-जीचे उत्पादन भारतात थांबले. ज्या देशात ते बनत होते, तो देश त्याच कच्च्या मालासाठी अनेक वर्षे चीनवर अवलंबून राहिला. अलीकडे आंध्र प्रदेशात काकिनाडा येथे ते पुन्हा सुरू झाले आहे. त्या बातमीच्या दिवशी मला वडिलांची फार आठवण झाली.

सूक्ष्मदर्शी

ताई, आपला प्रतिसाद विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे, कारण आजची तांत्रिक स्पर्धा नेमकी याच वळणावर आहे. मी चिप उद्योगात काम करतो.

सर्वांत सूक्ष्म चिपांवर प्रकाशाने नक्षी उमटवणारे ईयूव्ही यंत्र जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्समधील एएसएमएल. त्यात वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला ५० हजार वेळा लेसरचा मारा करून प्रकाश निर्माण करतात. आरसे जर्मनीतील झाइसचे, लेसरही जर्मनीचा, प्रकाशस्रोताचे तंत्र कॅलिफोर्नियाचे. चीनला हे यंत्र विकण्याची परवानगी नाही, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने निर्बंध आणखी कडक केले. यंत्र विकत मिळत नाही आणि पैशाने लवकर उभारताही येत नाही.

उलट बाजूने चीनने ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीस परवाना सक्तीचा केला. जगातील प्राथमिक गॅलियमपैकी ९० टक्क्यांहून अधिक चीनमध्ये निघते. ते दुर्मीळ खाणीतून येत नाही. बॉक्साइटपासून ॲल्युमिना करताना उपपदार्थ म्हणून मिळते. म्हणजे ज्याच्याकडे अवजड आणि कमी नफ्याचा ॲल्युमिना उद्योग टिकून आहे, त्याच्याच हातात रडारच्या चिपचा कच्चा माल आहे.

यंत्राचे महत्त्व नवे नाही. १९८७ मध्ये उघड झाले, की तोशिबा समूहातील कंपनीने सोव्हिएत संघाला पाणबुड्यांचे पंखे घडवणारी मोठी मिलिंग यंत्रे विकली होती, आणि त्यांचे नियंत्रक नॉर्वेच्या कोंग्सबर्गचे होते. अमेरिकी संसदेच्या आवारात काही सदस्यांनी तोशिबाचा रेडिओ हातोड्यांनी फोडला, इतका तो राग होता. पाणबुडीचा आराखडा सोव्हिएत अभियंत्यांजवळ होताच. हवे होते ते आवाज न करणारा पंखा कापणारे यंत्र.

विरुद्ध_मत

निर्बंधांनी माणसे कामाला लागतात, हेही नोंदवावे. अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यात अडथळे आले, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला.

सूक्ष्मदर्शी

परमबद्दल मलाही अभिमान आहे. परंतु त्यातील प्रोसेसर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. ते अनेक एकत्र जोडून काम करून घेण्याची बुद्धी आपली होती, चिप आपली नव्हती. आपला चिप कारखाना मोहालीला १९८४ मध्ये उत्पादनात आला होता आणि तो जगाच्या फार मागे नव्हता. १९८९ मध्ये तो आगीत जळाला, आणि पुन्हा उभा राहीपर्यंत जग कोठच्या कोठे निघून गेले होते. जळालेली यंत्रे पुन्हा आणता येतात. दर दोन वर्षांनी नवी पिढी येणाऱ्या उद्योगात गमावलेली वर्षे आणता येत नाहीत.

सोलापुरी

आपल्या मातीतील एक नाव या धाग्यात यायलाच हवे. वालचंद हिराचंद सोलापूरचे. डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली, तीच आजची एचएएल. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. मोटारींच्या कारखान्यासाठी तर ते कित्येक वर्षे सरकारी साहाय्य मागत होते. युद्ध दाराशी आले असतानाही परकीय सरकारला भारतात पूर्ण मोटार किंवा पूर्ण विमान बनावे, अशी घाई नव्हती. १९४२ मध्ये विमान कारखाना सरकारने आपल्या ताब्यात घेतला आणि तेथे मुख्यतः दुरुस्तीची कामे झाली. विशाखापट्टणमचे पहिले मोठे जहाज 'जलउषा' पाण्यात उतरले ते १९४८ मध्ये, स्वातंत्र्यानंतर.

म्हणून मी म्हणेन, की क्षमता मोजताना ती वाढवायची की नाही हे कोण ठरवतो, तेही मोजावे लागते.

इतिहासवाचक

सोलापुरींच्या मुद्द्याला एक जुना दाखला जोडतो. महादजी शिंदे यांनी आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना उभा केला. तेथे सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर होता, आणि त्या तोफांचा दर्जा इंग्रजांनीही वाखाणला. १८०३ मध्ये असईला त्याच तोफखान्याने वेलस्लीच्या सैन्याची फार मोठी हानी केली. पण पलटणींवरचे बरेचसे अधिकारी युरोपीय होते, आणि कंपनीने युद्धाच्या तोंडावर त्यांना आपल्याकडे येण्याचे आवाहन केल्यावर त्यांतले अनेक निघून गेले. तोफा जागच्या जागी होत्या.

सातारचा_वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. मामांना हे सर्व प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले, आणि कॅनरी स्त्रियांच्या परिच्छेदापाशी त्यांनी मला थोडा वेळ थांबायला सांगितले.

मूळ प्रश्नाकडे येतो. मी क्षमता म्हणजे साठा समजत होतो : इतके टन, इतके कारखाने. आता ती मला वेग वाढवण्याची ताकद वाटू लागली आहे, आणि ती ताकद यंत्रे बनवणारी यंत्रे, कोणाच्या नजरेत न भरणारे कच्चे माल आणि शिकलेले हात यांवर उभी दिसते. तसे असेल, तर माझे दोन प्रश्न उरतात. खडकीकर, जास्तीची क्षमता शांततेच्या काळात राखून ठेवता येते का? आणि फिटरसाहेब, हात तयार व्हायला किती काळ लागतो?

खडकीचा_शेजारी

येते, पण तिचा खर्च दरवर्षी दिसतो आणि उपयोग वर्षानुवर्षे दिसत नाही. रिकामी उभी असलेली ओळ लेखापरीक्षणात सर्वांत आधी डोळ्यांत येते. यंत्र किती टक्के वेळ चालले, हा पहिला प्रश्न असतो, आणि 'ते गरजेसाठी ठेवले आहे' हे उत्तर कोणत्याही रकान्यात बसत नाही. युरोपात आणि अमेरिकेत शीतयुद्ध संपल्यावर याच हिशेबाने ओळी बंद झाल्या. प्रत्येक निर्णय त्या त्या वर्षी योग्यच वाटला असणार. माझे मत असे, की ओळ पूर्ण बंद करण्यापेक्षा ती महिन्यातून काही दिवस तरी चालवावी, कारण न चालणाऱ्या ओळीवरची माणसे सर्वांत आधी जातात.

उद्यमनगरचा_फिटर

आयटीआयमधून आलेला हुशार मुलगा दोन वर्षांत लेथ नीट चालवतो. मिलिंग, ग्राइंडिंग आणि मापन हाताखालून जायला आणखी तीन-चार वर्षे लागतात. आराखडा पाहून स्वतः फिक्स्चरची कल्पना करणारा आणि ते पहिल्या खेपेस जमवणारा टूलमेकर दहा वर्षांच्या आत माझ्याकडे झालेला नाही. आणि असा एक जण तयार व्हायचा, तर त्याच्या शेजारच्या टेबलावर आधीचा एक जण काम करत असावा लागतो. माझ्याकडे सध्या असे दोघे आहेत. एकाचे वय ६१ आहे. त्याच्या शेजारी जूनपासून दोन मुलांना बसवले आहे.